बदलीचं माणूस

साहेबांनी खोलीची चावी मागितली तेव्हा बाई चहा पीत होत्या. कप त्यांनी बशीत ठेवला, तो जरा जास्तच हळू. बाकी चेहऱ्यावर काही नाही. औषधाच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळताना चेहऱ्यावर काही येऊ न देणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. विभाग म्हणजे एका ओळीत बसलेल्या बायका, प्रत्येकीपुढे एक दिवा, दिव्यामागे अर्धा काळा नि अर्धा पांढरा फळा, आणि त्या फळ्यासमोर धरून हलकेच फिरवून बघायच्या इंजेक्शनच्या बाटल्या. आत कण दिसला, धागा तरंगताना दिसला, की बाटली बाजूला. बायका बाटल्या बघायच्या आणि बाई बायकांकडे बघायच्या. अशात वर्षं कशी गेली हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण कुणी विचारलं नव्हतं.

"जिन्याखालची खोली ना?" बाईंनी विचारलं, जणू त्यांच्या ताब्यात आणखी चार खोल्या होत्या.

"हो. आपली ती उंच मुलगी सोमवारी रजेवरून परत येतेय. बाळ लहान आहे तिचं. दूध काढून ठेवायला जागा हवी. वरून मंजुरी आलीय, खुर्ची, छोटा फ्रीज, पडदा, सगळं." साहेब वयाने बाईंच्या मुलाएवढे होते आणि एखादी गोष्ट मनासारखी झाली की टेबलावर बोटं वाजवत. आत्ता वाजवत होते. "आणि बाई, ती उठून गेली की तिच्या जागी कुणीतरी बसायला लागेल. पॅकिंगमध्ये मी सांगून ठेवलंय. तुम्ही फक्त निरोप पाठवायचा, बदलीचं माणूस येईल. माझी बायको याच कटकटीत नोकरी सोडून घरी बसली, म्हणून म्हणतो."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्या खोलीत होतं तरी काय? जुन्या ॲप्रनचं गाठोडं, एक मोडकी खुर्ची, एक सतरंजी. दुपारी डबा खाऊन झाला की बाई तिथे दहा मिनिटं पाठ टेकायच्या. वरून जिन्यावरची पावलं डोक्यातून चालत गेल्यासारखी जायची. खोली गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, आणि वाटत नाही हेच त्यांना खुपत राहिलं. खोलीसाठी वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. त्याला काहीतरी नाव देता आलं असतं. रंगारी येऊन गेला, खुर्ची आली, फ्रीज आला, आणि शेवटी सुतार आला. बाई त्याच्यामागे उभ्या राहून बघत होत्या. त्याने दाराला आतून कडी बसवली, लावून बघितली, काढून बघितली, म्हणाला, "बघा, कशी लोण्यासारखी सरकते." बाईंनी ती सरकवून पाहिली. सरकत होती खरी. पुन्हा एकदा सरकवली, आणि सुतार हत्यारं आवरत असतानाच त्या तिथून निघाल्या.

कारण त्यांच्या वेळी कडी मोडलेली होती. बायकांच्या संडासाच्या दाराला कडीच्या जागी नुसती दोन भोकं होती, आणि बाई, तेव्हा त्या बाई नव्हत्या, ओळीतल्या एका दिव्यामागची एक पोरगी होत्या, एका पायाने दार दाबून धरून भिंतीशी ओणव्या उभ्या राहायच्या. दूध पिळून टाकायचं. घाई करायची, कारण बाहेर कुणीतरी खाकरत असायचं. आधी नुसत्या कळा यायच्या, आणि मग धार लागायची ती अशी की हात थकायचे. पांढरं पाणी संडासाच्या भांड्यातून खाली जायचं आणि वर त्या एक तांब्या पाणी ओतायच्या. का ओतायच्या कोण जाणे, ते काही घाण नव्हतं. पण ओतायच्या. परत जागेवर येऊन बसल्या की दिव्याच्या उजेडात ॲप्रनच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग दिसायचे. शेजारची म्हणायची, "अगं, पदर घे की." ॲप्रनला कुठला आलाय पदर.

उंच मुलगी सोमवारी आली. तिला सगळ्या ताडू म्हणत, ताडासारखी उंच म्हणून. खुर्ची कितीही खाली केली तरी तिला फळ्यासमोर वाकूनच बसावं लागे. हसरी होती. आल्या आल्या तिने मोबाइल काढून बाळ दाखवलं. ओळ मोडून सगळ्या भोवती जमल्या. बाईही थोडं पुढे वाकल्या. बाळ कॅमेऱ्याकडे न बघता मोबाइल धरणाऱ्याकडे बघत होतं. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. चला आता, बाटल्या वाट बघतायत." सगळ्या हसल्या. बाईंचे विनोद असेच असत, अंगावर न येणारे.

पहिल्या दिवशी पॅकिंगमध्ये निरोप पाठवायचा बाई खरंच विसरल्या. ताडू उठली, जिन्याखाली गेली, तिच्या पुढ्यात बाटल्या साचल्या, शेजारणींनी त्या वाटून घेतल्या. दुसऱ्या दिवशी बाईंना आठवलं. आठवलं, आणि त्या म्हणाल्या, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी ती गोष्ट विसरलेली राहिली नव्हती, आठवलेलीही नव्हती. गालात धरून ठेवलेल्या गोळीसारखी ती त्यांनी नुसती धरून ठेवली होती. जिभेने अधूनमधून चाचपायची. विरघळू द्यायची नाही. निरोप पाठवायला एक मिनिट लागलं असतं, आणि ते एक मिनिट रोज येत होतं आणि रोज जात होतं. बाई त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

आपण जळतो असं त्यांना वाटत नव्हतं. जळण्यासारखं त्या पोरीजवळ होतं काय? भाड्याचं घर, डोळ्याखाली काळी वर्तुळं, नवरा फिरतीचा. दुसऱ्याचं बरं बघून पोटात दुखणाऱ्या बायका बाईंनी आयुष्यभर पाहिल्या होत्या आणि त्यांचा त्यांना कंटाळा होता. पण ताडू खोलीत गेली की त्यांचे कान जिन्याखाली जात. आत ते छोटं यंत्र घरघरायचं, मांजर गुरगुरावं तसं. मधेच ती कुणाशी तरी फोनवर बोलायची, बहुधा बाळाला सांभाळणाऱ्या बहिणीशी, आणि हसायची. आतून कडी लावून बसलेली ती मुलगी पाय पसरून हसत असेल, हे बाईंच्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट यायचं की ओळीतून फिरताना त्या घड्याळाकडे बघायच्या. ती बाहेर आली की म्हणायच्या, "आलीस?" एवढंच. त्या एका शब्दात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी घरी चालत जाताना त्यांना सासू आठवायची. सासू वाईट नव्हती, आणि त्या सगळ्या गोष्टीतली खरी अडचण तीच होती. वाईट असती तर बाईंना बोलता आलं असतं. पण तिने नातवाला अंगाखांद्यावर वाढवलं, वाटी-चमच्याने पावडरीचं दूध पाजलं, दुखणीखुपणी काढली. बाई कामावरून यायच्या, छाती दगडासारखी झालेली, चप्पल काढायचंही भान नसायचं, आणि दारातच सासू ओठांवर बोट ठेवून उभी असायची. "आत्ताच पाजलंय गं. झोपलाय. उठवू नकोस." तिच्या हाडकुळ्या खांद्यावर पोराचं डोकं, तोंड किंचित उघडं, ओठाच्या कडेला वाळलेलं दूध, दुसऱ्याचं. बाई तो खांदा बघायच्या. त्या वाळक्या, सुरकुतल्या खांद्याचा इतका हेवा त्यांना वाटायचा की तो खांदा कापून घ्यावा. मग मोरीत जायचं, पुन्हा भिंतीशी ओणवं व्हायचं. थोड्या दिवसांनी दगड राहिला नाही, काही राहिलं नाही. शरीर शहाणं असतं, कुणी मागत नाही म्हटल्यावर देणं बंद करतं. सासू म्हणाली, "बरं झालं, आता तुलाही त्रास नाही." खरंच म्हणाली, चांगल्या मनाने म्हणाली.

घरात दोन लहान दीर होते, ते बाईंना वहिनी म्हणत. पोरगं बोलायला लागलं ते त्यांचं ऐकून. सासूला आई आणि बाईंना वहिनी. सगळ्यांना गंमत वाटली, पाहुण्यांसमोर त्याच्याकडून वदवून घेत. किती घरांत असं होतं, त्यात काय एवढं, मोठा झाला की सुधारेल. तो मोठा झाला, शिकला, दुसऱ्या गावी नोकरीला लागला, आणि त्याच्या तोंडी वहिनीच राहिलं. सासू वारली त्या दिवशी तो धावत आला, तिच्या पायांशी बसून हमसून हमसून रडला, आणि मग मान वर करून बाईंना म्हणाला, "वहिनी, आई गेली." बाईंनी त्याला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. आणि फिरवता फिरवता त्यांना कळलं की आपल्याला या मेलेल्या म्हातारीचा हेवा वाटतोय. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. स्वतःलाही फार वेळा नाही.

ओळीत कुरकुर सुरू झाली. सुरुवातीला बायकांनी हौसेने बाटल्या वाटून घेतल्या होत्या, बाळाचं काय, बाळाचं काय म्हणत. पण हौस किती दिवस पुरणार? प्रत्येकीचे डोळे तेवढेच, प्रत्येकीचा दिवसाचा आकडा तेवढाच. ताडू उठली की एखादी म्हणायची, "निघाली राणीसाहेबांची स्वारी." दुसरी म्हणायची, "आम्ही काय पोरं झाडावरून तोडून आणली?" हसण्यावारी चालायचं, पण ताडूच्या मानेवरून लाली चढताना मागून बाईंना दिसायची. बाईंनी एक शब्द बोलायचा होता. गप्प बसा किंवा बदलीचं माणूस येईल, दोन्हींतला कुठलाही चालला असता. त्यांनी एकही उच्चारला नाही. त्यांना वाटलं, बघू दे तिलाही. काय बघू दे, ते वाक्य त्यांनी मनात पुरं केलं नाही.

मग ताडू जागेवरून उशिरा उठायला लागली. लवकर परतायला लागली. मग दिवसातून एकदाच जायला लागली. एका दुपारी बाई हात धुवायला गेल्या तर ती नळापाशी उभी होती, ॲप्रन पुढून भिजलेला, आणि ओल्या फडक्याने ती तो पुसत होती, म्हणजे डाग आणखी मोठा करत होती. आरशात दोघींची नजर भेटली. बाईंना तो डाग ओळखीचा होता, त्याचा आकार, त्याची ऊब, आणि तो थंड झाल्यावर कापड कसं अंगाला चिकटतं तेही. त्यांच्या ओठांवर आलं होतं, अगं जा ना खोलीत. आणि त्याच्याही आधी आत खोल कुठेतरी काहीतरी सैल झालं, समाधान म्हणावं असं. झाली, आपल्यासारखी झाली. त्यांनी नळ सोडला, हात धुतले, हात आधीच स्वच्छ होते, आणि बाहेर आल्या. जिन्याखालच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत नवी खुर्ची, नवा पडदा. फ्रीज आपला आपल्याशी बोलत होता.

एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ताडू टोपी हातात घेऊन बाकावर बसून होती. बाकीच्या जाऊन बसल्या होत्या. बाईंना बघून ती उठली, उंच, खांदे पाडलेली.

"बाई, मी सोडतेय. आत्ता साहेबांना सांगून येते."

"का गं?"

"जमत नाही. सगळ्यांना माझा त्रास होतो. आणि दूधही आता येत नाही फारसं. बहीण म्हणाली, बरं झालं, सुटलीस. सुटले कसली, मला तर..." ती थांबली. टोपीचं इलॅस्टिक तिने ताणलं नि सोडलं. "लेकीला बाटली दिली की ती माझ्याकडे बघते ना, ते बघवत नाही. जाऊ दे. तुम्ही काही बोलला नाहीत कधी, तेवढंच बरं वाटायचं."

ती निघाली. बाईंनी तिला जाऊ दिलं, दारापर्यंत जाऊ दिलं. ती गेली की ओळ पूर्ववत होईल, खोलीही परत मिळेल, कुणाला काही कळणार नाही, हे सगळं त्यांच्या मनात एका दमात येऊन गेलं. पण तुम्ही काही बोलला नाहीत हे वाक्य मागे राहिलं होतं. आभार मानले होते त्या पोरीने. आजवर कुणी कशाबद्दल मानलेले आभार बाईंना इतके बोचले नव्हते.

"थांब," त्या म्हणाल्या. "मीही येते."

कशाला येतोय हे त्यांना साहेबांच्या दारापर्यंत ठाऊक नव्हतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरची बोटं स्थिर ठेवली. त्यांना खरोखर समजत नव्हतं. "पण का? खोली दिली, वेळ दिला. बदलीचं माणूस वेळेवर येत नाही का?"

"कुठलं बदलीचं माणूस?" ताडूने विचारलं.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. मग ताडूने बघितलं. खोलीत पंखा होता, त्याच्या वाऱ्याने कॅलेंडरचं पान उचललं जात होतं आणि परत बसत होतं. बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पॅकिंगवाले माणूस सोडत नाहीत, किती वेळा सांगितलं. साहेबांनी विश्वास ठेवला असता, पॅकिंगवाले खरंच कुणाला सोडत नसत. ते वाक्य इतकं तयार होतं की बाईंना ते बोलून झाल्यासारखंही वाटलं.

"मी बोलावलंच नाही," बाई म्हणाल्या.

"राहून गेलं का?" साहेबांनी विचारलं. आवाजात सुटका होती, बाईंनी नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही. राहून नाही गेलं."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग ताडूला म्हणाले, "आजपासून माणूस येईल. तू आज काही ठरवू नकोस." आणि बाईंना म्हणाले, "तुमच्याशी मी नंतर बोलतो." तरुण माणूस होता, पण तेवढं बोलताना त्याचा चेहरा एकदम वयस्क झाला.

जिना उतरताना ताडू पुढे होती. मधल्या वळणावर ती थांबली, वळली. एक पायरी खाली असूनही तिचे डोळे बाईंच्या डोळ्यांच्या वरच होते.

"का?" तिने विचारलं. ओरडली नाही. "मी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

बाईंनी कठड्यावर हात ठेवला. आणि मग त्या बोलायला लागल्या. मोडक्या कडीबद्दल, दार दाबून धरलेल्या पायाबद्दल, तांब्याभर पाण्याबद्दल. सासूच्या खांद्याबद्दल बोलल्या. वहिनी म्हणणाऱ्या मुलाबद्दल बोलल्या. आवाज काही बदलला नाही, बाटलीत काय दिसलं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. वरून कुणीतरी उतरलं, दोघी भिंतीकडे सरकल्या, तो माणूस गेला, आणि बाईंनी राहिलेलं सांगून पुरं केलं. एवढ्या वर्षांचं म्हणून त्यांना ते फार मोठं वाटत होतं, आणि ते जिन्याच्या एका वळणावर मावलं.

ताडूने मधे एकदाही तोडलं नाही. डोळे भरले होते तिचे, पण ते कुणासाठी ते सांगता आलं नसतं.

"वाईट झालं तुमचं," ती म्हणाली. "पण ते मी नव्हतं केलं."

"नाही. तू नव्हतं केलंस."

"आणि माझ्या लेकीने तर नाहीच."

ताडू वळली आणि खाली गेली.

बाई निरोप पाठवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. स्वतःच पॅकिंगमध्ये गेल्या आणि माणूस घेऊन आल्या. चाळिशीची, जाडसर, बडबडी बाई होती, येता येता म्हणत होती, "मला तर पहिल्यापासून तयार राहायला सांगितलेलं. मी म्हटलं, बोलवत कसे नाहीत." बाईंनी हं केलं. ओळीत शांतता होती, कानोकान काहीतरी पोचलं असावं. ताडू उठली. आपला दिवा, आपला फळा तिने त्या बाईला दाखवला, बाटली कशी फिरवायची ते दाखवलं, तिच्या कसल्याशा बोलण्यावर ओझरती हसलीसुद्धा. मग बाईंच्या शेजारून गेली. नजर सरळ. ॲप्रनची कड बाईंच्या हाताला लागली, ती तिने ओढून घेतली.

दार बंद झालं. थोड्या वेळाने यंत्र घरघरायला लागलं. दूध येईल, नाही येईल, थोडंच येईल, यातलं बाईंना काही माहीत नव्हतं आणि विचारायचा हक्क राहिला नव्हता. साहेब नंतर काय बोलतील याचा विचार त्यांनी केला, पण तो विचार टिकला नाही. त्या ओळीमागे उभ्या राहिल्या, हात पाठीशी, रोजच्यासारख्या. ती मुलगी त्यांना माफ करणार नव्हती. आज नाही, आणि खोलीचं काम संपून तिची लेक शाळेत जायला लागली तरी नाही. सणकून रागावली होती ती, आणि तिला समोर दिसत होतं कुणावर रागवायचं ते. हाडामासाचं, पांढऱ्या ॲप्रनमधलं एक माणूस, ज्याच्याकडे न बघता शेजारून निघून जाता येतं. बाईंनी आठवून पाहिलं, आपण कुणावर रागावलो होतो. सासूवर रागवावं तर तिने पोर वाढवलं. नवरा बिचारा दोन पाळ्या करायचा. त्या वेळच्या साहेबांना तर त्या दाराची कडी मोडलेली आहे हेही कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणीच सापडलं नाही. मग पुढच्या एकीच्या हातातली बाटली जरा फार जोरात फिरतेय असं त्यांना दिसलं, "हळू," त्या म्हणाल्या, आणि जिन्याखालच्या त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. त्यांना त्या पोरीच्या रागाचा हेवा वाटत होता.